साखर घसरली तरी न थांबणारे इन्शुलिन: श्वानांतील इन्शुलिनोमा

फिरायला नेलेल्या नऊ-दहा वर्षांच्या लॅब्राडोरचे मागचे पाय अचानक लटपटतात, ते भांबावल्यासारखे उभे राहते, कधी फिट येऊन कोसळते आणि थोड्या वेळाने काही घडलेच नाही अशा थाटात घरी परतते. अशा वेळी वयाला किंवा अपस्माराला दोष देणे सोपे असते. परंतु आयुष्यात कधी फिट न आलेल्या कुत्र्याला ती उतारवयात प्रथमच आली, तर रक्तातील साखर तपासायलाच हवी. स्वादुपिंडातील, इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची गाठ, म्हणजेच इन्शुलिनोमा, हे त्याचे एक कारण असते.

साखर खाली आली की निरोगी बीटा पेशी इन्शुलिन सोडणे जवळजवळ थांबवतात. गाठीतील पेशी मात्र थांबत नाहीत. त्यामुळे साखर आणि इन्शुलिन एकाच नमुन्यात मोजावे लागतात. साखर ६० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असताना इन्शुलिनचा आकडा प्रयोगशाळेच्या मर्यादेत बसत असला, तरी त्या क्षणी तो जास्तच समजायचा. नमुन्यातील रक्त तसेच पडून राहिले, तर तांबड्या पेशी त्यातील साखर खात राहतात आणि अहवाल फसवा येतो. म्हणून सीरम, म्हणजे रक्तातील पेशीविरहित द्रव, लगेच वेगळे करावे लागते. साखर उतरावी म्हणून कुत्र्याला उपाशी ठेवायचे असेल, तर ते दवाखान्यातच, वरचेवर रक्त तपासत. ‘शुगर-फ्री’ च्युइंग गममधील झायलिटॉल या गोडव्यासाठीच्या पदार्थानेही कुत्र्यांची साखर धोकादायकरीत्या घसरते, म्हणून कुत्र्याने तसे काही खाल्ले का, हे आधी विचारून घ्यावे.

गाठ बहुधा लहान असल्याने सोनोग्राफीत ती अनेकदा सापडत नाही. सीटी स्कॅन अधिक भरवशाचा. माणसांत ही गाठ बहुतेकदा सौम्य असते, कुत्र्यांत मात्र ती बहुधा कर्करोगाची असते आणि लसिकाग्रंथी व यकृतात पसरते. तरीही स्वादुपिंडाचा तेवढा भाग काढणारी शस्त्रक्रिया शक्य असेल, तर केवळ औषधांवर ठेवलेल्या कुत्र्यांपेक्षा शस्त्रक्रिया झालेली कुत्री सहसा जास्त जगतात. अनेकांना वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ मिळतो.

झटका आल्यास हिरड्यांना मध चोळावा, मात्र फिट चालू असताना दातांमध्ये बोट घालू नये. शुद्ध येताच प्रथिनयुक्त जेवण द्यावे, कारण नुसत्या साखरेने चेतवलेली गाठ आणखी इन्शुलिन ओतते आणि दुसरा झटका ओढवतो. याच कारणाने शिरेतून ग्लुकोजही पातळ करून, सावकाश देतात. पुढे दिवसातून चार-सहा वेळा थोडे थोडे खाणे, माफक फिरणे, साखर वाढवणारे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि गरज पडल्यास इन्शुलिनचा स्राव रोखणारे डायाझॉक्साइड, असा क्रम असतो. शस्त्रक्रियेनंतर काही कुत्र्यांत उलट साखर चढते, कारण उरलेल्या निरोगी बीटा पेशी दीर्घकाळ निष्क्रिय राहिलेल्या असतात. त्यांना काही काळ चक्क इन्शुलिनचीच इंजेक्शने द्यावी लागतात.