कार्बन शुल्क अंतरावर नव्हे, भट्टीवर

कार्बनला किंमत लागली की माल जवळून घेतला म्हणजे पुरवठा साखळी हरित झाली, हा समज वर्षानुवर्षे चालत आला असला, तरी पोलादाच्या बाबतीत तो टिकत नाही. कोळशावरील झोतभट्टीत एक टन पोलाद बनताना दोन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेच पोलाद मुंबईहून रॉटरडॅमला जहाजाने नेताना त्याचा लहानसा अंशच. युरोपीय संघाची सीमा कार्बन यंत्रणा, जिचे शुल्क १ जानेवारी २०२६ पासूनच्या आयातीला लागू आहे, उत्पादनातील उत्सर्जन मोजते, समुद्रप्रवासाचे नव्हे (जहाजांचा हिशेब वेगळ्या योजनेत होतो). म्हणून नट-बोल्ट निर्यात करणाऱ्या पुण्यातील कारखानदाराने पुरवठादाराचे अंतर नव्हे, भट्टी विचारावी. भंगारावर चालणाऱ्या विद्युत भट्टीचे पोलाद दुरून आणले तरी कार्बनच्या हिशेबात बहुधा हलकेच पडते, मात्र उत्सर्जनाची पडताळलेली आकडेवारी सोबत हवी, अन्यथा उत्सर्जनाची ठरावीक चढी मूल्ये धरली जातात.