पाच हजार वर्षांची म्हणतात ती सुई

अ‍ॅक्युपंक्चरच्या दवाखान्यात भिंतीवर तो तक्ता हमखास असतो. अंगभर रेषा, रेषांवर ठिपके, आणि सोबत पाच हजार वर्षांच्या अखंड परंपरेचा दावा. परंपरा जुनी आहे यात वाद नाही. पण ‘पाच हजार’ आणि ‘अखंड’ हे दोन्ही शब्द जरा तपासून घ्यावेत.

चीनच्या हूनान प्रांतात मावांगद्वे इथे इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेलं एक थडगं १९७३ साली उघडलं. त्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर मिळाले. शरीरात अकरा वाहिन्या असल्याचं त्यांत सांगितलंय, पण त्या वाहिन्यांवरचा उपचार आहे तो डागणीचा. दवण्याच्या कुळातली एक वनस्पती वाळवून, तिचा कापसासारखा चुरा त्वचेजवळ जाळायचा. सुई टोचा, असं तिथे कुठेच म्हटलेलं नाही.

सुई सविस्तर भेटते ती त्यानंतर, ‘ह्वांगदी नेइजिंग’ या ग्रंथात. पिवळा सम्राट प्रश्न विचारतो आणि वैद्य छी पो उत्तरं देतो, अशी त्याची मांडणी. त्यात नऊ प्रकारच्या सुया आहेत. काही तर सुया म्हणण्यापेक्षा छोट्या सुऱ्याच. गळू फोडायला, पू काढायला, दूषित रक्त वाहू द्यायला त्या वापरत. आपल्याकडचा शिरावेध, म्हणजे शीर टोचून रक्त काढणं, आठवावा असं हे काम होतं. ‘छी’ नावाची प्राणशक्ती वाहिन्यांतून फिरते आणि ती अडली की दुखणं येतं, हा विचारही इथेच पक्का झाला. तिसऱ्या शतकात ह्वांगफू मी याने सुई टोचायच्या ३४९ बिंदूंची पद्धतशीर नोंद केली.

पुढे नक्कल करणाऱ्यांच्या चुकांमुळे बिंदूंच्या जागा ग्रंथागणिक बदलू लागल्या. त्यावर चीनच्या सुंग राजघराण्याच्या दरबाराने काढलेला तोडगा मला या साऱ्या इतिहासातला सगळ्यात गमतीचा भाग वाटतो. वांग वेईयी या राजवैद्याच्या देखरेखीखाली १०२७ च्या सुमारास माणसाच्या उंचीचे दोन पोकळ कांस्यपुतळे ओतले गेले. बिंदूंच्या जागी बारीक छिद्रं होती. परीक्षेच्या वेळी बाहेरून मेण फासायचं आणि आत पाणी भरायचं, अशी हकिगत सांगतात. विद्यार्थ्याची सुई नेमकी लागली तर पाणी ठिबकणार, चुकली तर आत शिरणारच नाही. परीक्षकाशी हुज्जत घालायची सोयच नाही!

आणि मग १८२२. सुई टोचणं आणि डागणं सम्राटाची सेवा करताना शोभत नाही, असं कारण देऊन ताओक्वांग सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतला हा विभाग कायमचा बंद केला. खेड्यापाड्यांत सुया चालू राहिल्या, पण प्रतिष्ठा गेली. १९२९ मध्ये तर पारंपरिक वैद्यकच मोडीत काढण्याचा प्रस्ताव सरकारी पातळीवर आला, आणि वैद्यांनी शांघायमध्ये एकत्र येऊन त्याला विरोध केला.

आजच्या सुईचा चेहरा घडवला तो याच काळातल्या छंग तान-आन या वैद्याने. त्याने बिंदू आधुनिक शरीररचनाशास्त्राशी ताडून पाहिले, रक्तवाहिन्यांवरचे बाजूला सरकवले आणि रक्त न काढणाऱ्या बारीक सुयांवर भर दिला. १९४९ नंतर कम्युनिस्ट सरकारपुढे अफाट लोकसंख्या होती आणि आधुनिक डॉक्टर मूठभर. मग पारंपरिक वैद्यांना सरकारी व्यवस्थेत घेतलं गेलं, १९५६ मध्ये त्यांच्यासाठी महाविद्यालयं निघाली आणि पाठ्यपुस्तकं एकसारखी झाली. तक्त्यावरची शिस्त बरीचशी तिथली आहे.

पश्चिमेला हे वेड लागलं १९७१ मध्ये. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. सुया टोचून, भूल न देता झालं, असं अजूनही सांगितलं जातं. ते चूक आहे. भूल नेहमीच्या इंजेक्शनचीच होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातली अस्वस्थता कमी करायला.

गुणाबद्दल बोलायचं तर जर्मनीतली २००७ ची मोठी चाचणी बोलकी आहे. जुनाट कंबरदुखीत खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्या सुमारे ४८ टक्के रुग्णांना फरक पडला, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना आणि नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७ टक्क्यांना. म्हणजे टोचून घेतल्याने बरं वाटतं, पण कुठे टोचलं याने फारसा फरक पडलेला दिसत नाही. कांस्यपुतळ्याच्या परीक्षकाला हे रुचलं नसतं.

भारतात ही सुई आली तिचा एक धागा सोलापूरपर्यंत जातो. १९३८ मध्ये जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते, तसेच बंगालचे बिजॉय कुमार बसू. बसू पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. पुढे कोटणीसांच्या नावाने लुधियानात अ‍ॅक्युपंक्चरचं रुग्णालयही उभं राहिलं. कोटणीस स्वतः मात्र शल्यचिकित्सक. आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करता करता १९४२ मध्ये ते चीनमध्येच वारले.