कौलं काळी पडली म्हणजे छप्पर गेलं?

कौलं काळी पडली, शेवाळ धरलं की छप्पर उतरवून पत्रे घाला, हे कोकणात वर्षानुवर्षं ऐकू येतं. तसं काही नाही. रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, शेवाळ धरणारच! मंगळुरी कौल उचलून बोटाने वाजवा: खणखणीत वाजलं तर चालेल, बद्द वाजलं तर बहुधा तडा गेलाय. गळतीसुद्धा अनेकदा माकडांनी सरकवलेल्या दोन-चार कौलांची असते. (माकडांना कोण आवरणार?)

खरी परीक्षा खालच्या लाकडाची. माळ्यावर चढून वाशाला स्क्रूड्रायव्हर टोचा. भसकन आत गेला, भुसा गळला, तर लाकूड वाळवीने किंवा किडीने पोखरलंय. मग अंगणातून आढं, म्हणजे छपराचं सगळ्यात वरचं आडवं लाकूड, बघा. मधे झोळ दिसला तर पावसाआधीच सुताराला बोलवा. कौलं मात्र फेकू नका, नव्या वाशांवर तीच चढतील.