चौथ्या खिडकीचा सर्व्हर

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." गेल्या महिन्यात नागपुरात सीताबर्डीवरच्या एका कार्यालयात चौथ्या खिडकीवर मला हे ऐकवलं गेलं. मी कागद गोळा करून वळणार, तेवढ्यात मागचे काका म्हणाले, "दोन नंबरवर जा भाऊ, तिथं होऊन राहिलं." गेलो. दोन मिनिटांत काम झालं.

सर्व्हर खरोखर डाऊन असता तर दोन्ही खिडक्या अडल्या असत्या. मोठ्या संस्थेत एकाच कामाला अनेक सर्व्हर जुंपलेले असतात आणि तुमची विनंती त्यातल्या कोणाकडेही जाते. सगळे जुळे भाऊ असणं अपेक्षित असतं. एखादा भाऊ जरा वेगळा वागायला लागला की 'इथं होतं, तिथं होत नाही' हा खेळ सुरू होतो. आतलं मला दिसलं नाही, पण माझा संशय तिथंच. साठेक सर्व्हर सांभाळण्यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे हा आजार ओळखीचा.

सर्व्हर कसं वागेल हे साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेलं असतं: एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, उत्तराची किती सेकंद वाट पाहायची, कोणत्या डेटाबेसशी बोलायचं. रात्री दोन वाजता तक्रार येते, ड्युटीवरचा मुलगा एका मशीनवर वाट पाहायचे सेकंद ३० चे ९० करतो, बाकीच्यांवर सकाळी करू म्हणतो आणि झोपतो. सकाळ उगवते, 'बाकीचे' राहून जातात. याला आमच्यात ड्रिफ्ट म्हणतात. नागपुरात मे महिन्यात काहीही बिघडलं की उन्हावर ढकलायची पद्धत आहे. उन्हानं मशीन मंदावेल, बंदही पडेल. पण ऊन काही फायलीतल्या ३० चे ९० करत नाही.

याची किंमत किती असू शकते? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीनं २०१२ मध्ये आपल्या ८ सर्व्हरांवर नवा प्रोग्राम चढवला. प्रत्यक्षात तो ७ सर्व्हरांवरच चढला. आठव्यावर २००३ पासून वापरात नसलेला जुना कोड पडून होता, तो १ ऑगस्टला सकाळी बाजार उघडताच जागा झाला. ग्राहकांच्या २१२ ऑर्डरी पूर्ण करता करता ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. गोंधळात लोकांनी उरलेल्या ७ सर्व्हरांवरून नवा कोड काढून टाकला, म्हणजे बरे असलेलेही आजारी केले.

मग साठ मशीन सारखी आहेत हे रोज तपासायचं कसं? प्रत्येकावर हजारभर फायली. डोळ्यांनी अशक्य. इथं माझी सगळ्यात लाडकी गोष्ट येते: हॅश.

हॅश म्हणजे फायलीचा अंगठ्याचा ठसा. फाइल एका ओळीची असो की पाच जीबीची, शा-२५६ ही पद्धत तिचं नेहमी ६४ अक्षरांचं उत्तर देते. 'हेलो' हा इंग्रजी शब्द सगळी लहान अक्षरं वापरून लिहिला तर ठशाची सुरुवात होते २, सी, एफ, २, ४, डी, बी, ए अशी. फक्त पहिलं अक्षर मोठं केलं की १, ८, ५, एफ, ८, डी, बी, ३. काही संबंध दिसतो? दिसू नये हीच तर करामत. घरी करून पाहा. शब्दाच्या शेवटी एंटर तेवढा घुसू देऊ नका, नाहीतर तिसरंच उत्तर येईल.

आत काय चालतं? संगणकाला सगळा मजकूर शून्य आणि एकच्या रांगेसारखा दिसतो, त्यातला प्रत्येक शून्य किंवा एक म्हणजे बिट. मजकुराचे ५१२ बिटांचे तुकडे पाडायचे. ३२ बिटांच्या आठ खणांत आकडे घेऊन बसायचं. मग प्रत्येक तुकड्यासाठी ६४ फेऱ्या: बिट गोल फिरवायचे, एकमेकांशी ताडून सारखे असतील तर शून्य आणि वेगळे असतील तर एक लिहायचं, बेरीज करायची, ३२ बिटांबाहेर सांडलेला हातचा फेकून द्यायचा. आठ खणांतले सुरुवातीचे आकडे कुठून आले? पहिल्या आठ मूळ संख्यांच्या वर्गमुळांच्या अपूर्णांकांतून. प्रत्येक फेरीत मिसळायचा स्थिरांक? पहिल्या ६४ मूळ संख्यांच्या घनमुळांतून. बनवणाऱ्यानं सोयीचे आकडे निवडून चोरदार ठेवलं, असा आरोप नको म्हणून हा खटाटोप. मला हे वाचताना दरवेळी हसू येतं. एक बिट बदलला तर उत्तरातले जवळपास निम्मे बिट उलटतात, आणि शक्य उत्तरांची संख्या ७८ अंकी आहे.

दुसरी युक्ती राल्फ मर्कल या संगणकशास्त्रज्ञाची, १९७९ ची. कबड्डीच्या बाद फेऱ्यांचा तक्ता आठवा. १०२४ फायलींचे ठसे जोडीजोडीनं चिकटवून त्यांचा पुन्हा ठसा घ्यायचा: ५१२, २५६, करत करत शेवटी एकच. दोन सर्व्हरांचे हे शेवटचे ठसे जुळले की हजार फायली जुळल्या. नाही जुळले, तर एक पायरी खाली उतरून कोणता अर्धा भाग बिघडलाय ते पाहायचं. दहा पायऱ्यांत चोर फाइल हाती.

ठसा खोडकरही असतो. एकदा आमच्या पोराला दोन फायलींचे ठसे वेगळे मिळाले. तो स्क्रीनला नाक लावून म्हणाला, "सर, दोन्ही सारख्याच तर दिसून राहिल्या!" कोणीतरी ती फाइल विंडोजच्या लॅपटॉपवर उघडून सेव्ह केली होती. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य खुणा ठेवतं, लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली एकच. उलट सर्व्हरचं स्वतःचं नाव आणि पत्ता वेगळा असायलाच हवा. तो आधी झाकून मग ठसा घ्यावा लागतो.

आणि सारखं म्हणजे कोणासारखं? बहुमतावर सोडलं तर एकोणसाठ चुकलेले मिळून एका बरोबर असलेल्याला दुरुस्त करतील. म्हणून एक ठरलेली मूळ प्रत लागते. नागपुरातला झिरो माइलचा दगड म्हणजे देशाचा मध्यबिंदू, असं आपण पाहुण्यांना छातीठोकपणे सांगतो. ते काही खरं नाही. त्या आवारातला १९०७ चा सर्वेक्षण खात्याचा बेंचमार्क मला जास्त आवडतो. आजूबाजूच्या उंच्या ज्याच्याशी ताडायच्या तो ठरलेला बिंदू.

आमच्याकडे खंडेनवमीला सर्व्हर ठेवलेल्या रॅकची पूजा होते, दारावर लिंबूमिरची असते. भावनेशी भांडण नाही, पण कुंकवाची भुकटी पंखे आत ओढतात आणि ती झाडायला मीच बसतो. 'एआय सगळं आपोआप ओळखेल' म्हणणारा विक्रेताही मला त्याच दारावर टांगावासा वाटतो. दोन फायली एक आहेत की नाहीत, याला अंदाज कशाला हवा?

मात्र ठशानंही एकदा मला फसवलं. साठच्या साठ जुळत होते, तरी एक मशीन ३० सेकंदांतच वाट पाहणं सोडून फोन ठेवायचं. फायलीत स्वच्छ ९० लिहिलेलं. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर उमगलं: प्रोग्राम फाइल फक्त सुरू होताना वाचतो, आणि हा पठ्ठ्या तीन महिने न थांबता चालू होता. कागदावर ९०, डोक्यात ३०. तेव्हापासून रात्रीच्या तपासणीत एक रकाना वाढवलाय: फाइल कधी बदलली, प्रोग्राम कधी सुरू झाला. प्रोग्राम जुना आणि फाइल नवी असेल तर ती ओळ लाल दिसते. आज सकाळी दोन लाल होत्या.