माटियास विसमान

जन्म १५ एप्रिल १९४९. जर्मन राजकारणी, माजी केंद्रीय परिवहनमंत्री आणि २००७ ते २०१८ या काळात जर्मन मोटारउद्योग संघाचे, म्हणजे व्हीडीएचे, अध्यक्ष. मोटारकारखाना त्यांनी कधी चालवला नाही. संघाला हवी होती ती त्यांची बर्लिनमधली ऊठबस.

श्टुटगार्टजवळचे लुडविग्सबुर्ग हे त्यांचे जन्मगाव. डाइम्लर आणि पोर्शेचा हा टापू. इथल्या खासदाराला मोटारीचा विषय शिकवावा लागत नाही. कायद्याचे शिक्षण घेऊन ते ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षात आले, दहा वर्षे पक्षाच्या युवक संघटनेचे अध्यक्ष राहिले आणि १९७६ मध्ये बुंडेस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेवर, निवडून गेले. १९९३ ते १९९८ चॅन्सेलर हेल्मूट कोल यांच्या मंत्रिमंडळात परिवहन खाते त्यांच्याकडे होते. पूर्व आणि पश्चिम जर्मनीच्या रेल्वे एकत्र करून डॉइच बान ही कंपनी झाली ती त्याच काळात, १९९४ मध्ये. मंत्रिमंडळातल्या एक सहकारी होत्या अंगेला मेर्केल.

२००७ मध्ये खासदारकी सोडून ते व्हीडीएत गेले. आपल्याकडे वाहन उत्पादकांची सियाम आणि सुट्या भागांच्या कारखानदारांची अ‍ॅक्मा अशा दोन वेगळ्या संघटना आहेत. जर्मनीत दोघे एकाच छपराखाली बसतात. भाव पाडून मागणारा आणि भाव वाढवून मागणारा, दोघांनाही अध्यक्षाने सांभाळायचे. २००९ च्या मंदीत सरकारने जुनी मोटार मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २,५०० युरो दिले. एकूण ५ अब्ज युरोंची ही योजना दोघांच्याही पथ्यावर पडली.

त्यांची खरी ओळख झाली ती मात्र एका पत्रामुळे. नव्या मोटारींचे सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन २०२० पर्यंत किलोमीटरला ९५ ग्रॅमवर आणायचे युरोपीय संघात ठरत होते. जड, महागड्या गाड्या बनवणाऱ्या जर्मन कंपन्यांना ते जाचक वाटत होते. मे २०१३ मध्ये विसमान यांनी चॅन्सेलर मेर्केल यांना पत्र लिहिले. मायना होता 'प्रिय अंगेला'. जर्मनमध्येही तू आणि तुम्ही यांत मराठीइतकेच अंतर आहे, त्यामुळे पत्र वर्तमानपत्रांच्या हाती लागल्यावर मजकुराइतकीच चर्चा मायन्याची झाली. जूनमध्ये जर्मनीने ब्रसेल्समधला निर्णय रोखला आणि शेवटी पूर्ण अंमलबजावणी २०२१ वर गेली.

सप्टेंबर २०१५ मध्ये व्हीडीएचेच फ्रँकफुर्टचे मोटार प्रदर्शन भरलेले असताना अमेरिकेतून फोक्सवॅगनच्या डिझेल घोटाळ्याची बातमी आली: प्रदूषण चाचणीला फसवणारे सॉफ्टवेअर कंपनीने गाड्यांत बसवले होते. तिची धग पुण्यापर्यंत पोहोचली: इथल्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेच्या चाचण्यांनंतर त्या समूहाला भारतातल्या ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. जर्मनीत संघाच्या शब्दाचे वजन घटले. २०१८ च्या सुरुवातीला विसमान पायउतार झाले.

त्यांच्या जागी फोर्डच्या जर्मन शाखेचे माजी प्रमुख बेर्नहार्ड माटेस आले. ते दोन वर्षेही टिकले नाहीत. २०२० मध्ये अध्यक्षपद हिल्डेगार्ड म्युलर यांच्याकडे गेले. त्या पूर्वी मेर्केल यांच्या कार्यालयात राज्यमंत्री होत्या.