हृदयाकार अर्चिन : कोकणसमोरील वितरण व अधिवास

हृदयाकार अर्चिन हे कंटकचर्मी (काटेरी त्वचेच्या सागरी प्राण्यांच्या) संघाच्या एकिनॉइडिया वर्गातील, समुद्रतळाच्या वाळूत किंवा चिखलात स्वतःला पुरून घेऊन जगणारे प्राणी आहेत. त्यांच्या गणाला स्पॅटँगॉइडा म्हणतात. उथळ पाण्यापासून कित्येक हजार मीटर खोलीपर्यंत ते आढळतात. जवळच्याच होलॅस्टरॉइडा गणातील पोर्टालेसिया कुलाचे प्राणी तर सात हजार मीटरपेक्षा खोल गर्तांतूनही मिळाले आहेत. कोकण किनाऱ्यासमोरच्या अरबी समुद्रात मात्र उथळापासून खोलापर्यंत या प्राण्यांसाठी सलग अधिवास आहे असे मानता येत नाही. येथे मध्येच ऑक्सिजन अतिशय कमी असलेल्या पाण्याचा जाड थर आहे. त्यामुळे केवळ खोलीच्या आकड्यांवरून काढलेला नकाशा या भागात फसवा ठरतो.

खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी कपारीत दिसणारा गोल, काटेरी अर्चिन नियमित गटातला असतो. हृदयाकार अर्चिन अनियमित गटात मोडतात. त्यांना पुढची आणि मागची बाजू असते, तोंड खालच्या अंगाला पुढे सरकलेले असते आणि गुदद्वार मागच्या टोकाकडे असते. काटे आखूड, बारीक आणि बहुतांशी मागे वळलेले असतात. खडकावरचे शैवाल खरवडणारा पाच दातांचा जबडा, म्हणजे अ‍ॅरिस्टॉटलचा कंदील, त्यांच्यात नसतो. ते गाळच गिळतात, त्यातील सेंद्रिय अंश पचवतात आणि उरलेला गाळ मागे टाकत पुढे सरकतात.

गाळात पुरून घेतल्यावर श्वास कसा घ्यायचा, हा या प्राण्यांपुढचा मुख्य प्रश्न आहे आणि त्यांची सारी शरीररचना त्याभोवती घडली आहे. पोटाकडचे काटे टोकाशी रुंद व चपटे असतात. त्यांनी खालचा गाळ बाजूला सारला की प्राणी हळूहळू खाली बसतो. कवचावर अतिसूक्ष्म, केशल (हलणारे केसासारखे तंतू) असलेल्या काट्यांचे पट्टे असतात. हे पट्टे अंगाभोवती पाण्याचा प्रवाह चालू ठेवतात आणि श्लेष्म (चिकट स्राव) स्रवतात. त्या श्लेष्मामुळे बिळाच्या भिंती ढासळत नाहीत. पुढच्या खाचेतील लांब नालपाद (नळीसारखे मऊ पाय) गाळातून वर पोचून एक अरुंद नळी मोकळी ठेवतात. तिच्यातून वरचे ताजे पाणी खाली येते. पाठीवरच्या पाकळ्यांच्या आकाराच्या भागातील पातळ नालपाद त्या पाण्यातून ऑक्सिजन घेतात. युरोपच्या किनाऱ्यावरील एकिनोकार्डियम कॉर्डाटम ही जाती अशा रीतीने 15 ते 20 सेंमी. खोल राहू शकते. दाट चिखलातील ब्रिसॉप्सिस वंशाचे प्राणी सहसा त्याहून वर असतात.

अशा प्राण्याला गाळ कोणत्या जातीचा आहे, याने फार फरक पडतो. कोकणसमोरच्या समुद्रबूड जमिनीची (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राखालील सपाट तळाची) रुंदी मुंबईपुढे सुमारे 300 किमी. आहे. दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते आणि गोव्याच्या आसपास 100 किमी.च्या घरात येते. या जमिनीवर ढोबळमानाने दोन पट्टे पडतात. किनाऱ्यापासून सुमारे 50 ते 60 मीटर खोलीपर्यंतचा आतला पट्टा मऊ, बारीक चिखलाचा आहे. त्याच्या बाहेर भरड, चुनखडीयुक्त वाळू आहे. ही वाळू आजच्या नद्यांनी आणलेली नाही. हिमयुगात समुद्राची पातळी खाली असताना ती साचली आणि पुढे पाण्याखाली गेली. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे 105 किमी. अंतरावरील आंग्रिया बँक हा प्रवाळांचा उंचवटा याच बाहेरच्या भागात आहे.

हिंदी व पॅसिफिक महासागरांत दूरवर पसरलेल्या जातींपैकी ब्रिसॉप्सिस ल्यूझोनिका चिखलाला सरावलेली आहे, तर तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आढळणारी लोव्हेनिया इलॉन्गाटा वाळूत राहते. म्हणून एकाच खोलीवरचे दोन नमुने वेगवेगळ्या जातींचे निघाले, तर आधी तळाचा गाळ तपासावा. पुळणीवर लाटांनी आणून टाकलेली पांढरी, काटे गळालेली कवचे उथळ पाण्यातल्या प्राण्यांची असतात. खोल समुद्रातल्या जातींची कवचे इतकी पातळ असतात की ती किनाऱ्यापर्यंत धड पोचत नाहीत.

आतल्या पट्ट्यातही वर्षभर सारखी स्थिती नसते. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलातले, ऑक्सिजन कमी असलेले पाणी समुद्रबूड जमिनीवर चढते. त्याच वेळी पावसाचे व नद्यांचे हलके गोडे पाणी वर पसरून झाकणाचे काम करते, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली मिसळत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस तळाशी ऑक्सिजन जवळपास संपतो आणि काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइडही तयार होतो. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या घटनेचा दीर्घ अभ्यास केला आहे. मासे अशा पाण्यातून निघून जाऊ शकतात, पण बिळातला अर्चिन जाऊ शकत नाही. उत्तर समुद्रात ऑक्सिजन घटला की एकिनोकार्डियम बीळ सोडून तळाच्या पृष्ठभागावर येतो, हे दिसून आले आहे. त्या अवस्थेत तो भक्षकांपुढे उघडा पडतो.

समुद्रबूड जमीन संपून खंडान्त उतार, म्हणजे तिच्या कडेपासून खोल समुद्राकडे जाणारा उतार, सुरू झाला की परिस्थिती आणखी कठीण होते. अरबी समुद्रात सुमारे 150-200 मीटरपासून 1,000-1,200 मीटरपर्यंत ऑक्सिजन-न्यून थर आहे. त्यात लिटरमागे 0.5 मिलिलिटरपेक्षाही कमी ऑक्सिजन असतो आणि मधल्या भागात तर तो नाममात्रच उरतो. वरच्या पाण्यात मोसमी वाऱ्यांमुळे वनस्पतिप्लवकांची (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची) भरभराट होते, मृत प्लवक खाली बुडतात आणि त्यांच्या कुजण्यात ऑक्सिजन खर्च होतो. म्हणजे गाळात अन्न भरपूर आणि श्वासाला हवा नाही, अशी ही जागा आहे. येथे काही कृमी व सूक्ष्मजीव तग धरतात. कंटकचर्मी मात्र या थराच्या गाभ्यात फारसे दिसत नाहीत. ओमानसमोरच्या उतारावर थराच्या खालच्या कडेपाशी ते पुन्हा दिसू लागतात. तेथे ऑक्सिजन वाढू लागलेला असतो आणि वरून आलेले अन्नही शिल्लक असते. खोल पाण्यातील अर्चिनांचा शोध कोकणसमोर घ्यायचा तर तो या कडेपासून खाली घ्यावा.

त्याहून खाली अरबी समुद्राचे खोरे 3,000 ते 4,000 मीटरपेक्षा खोल जाते. त्याचा मोठा भाग सिंधू नदीच्या गाळाने व्यापलेला आहे. पोर्टालेसियासारख्या प्राण्यांना असा थंड, मऊ तळ मानवतो. त्यांचे कवच बाटलीसारखे लांबट आणि अतिशय नाजूक असते. येथे अन्न कमी असते, तरी नैर्ऋत्य व ईशान्य या दोन्ही मोसमांत वरून येणारा सेंद्रिय वर्षाव वाढतो.

या भागाच्या माहितीचा पाया जुन्या मोहिमांनी घातला. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजाने जमवलेले नमुने कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेले. त्यांतील स्पॅटँगॉइड अर्चिनांवर रने कोलर या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने 1914 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. सेमूर स्यूएल यांच्या नेतृत्वाखालील जॉन मरे मोहिमेने (1933-34) ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून अरबी समुद्राचा तळ तपासला, तेव्हा मधल्या खोलीवर जाळ्यांत जवळजवळ काहीच येत नाही, हे ठळकपणे दिसले. असे रिकामे जाळे ही येथील वितरणाविषयीची मोलाची नोंद आहे आणि ती तशीच टिपली पाहिजे.

तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यात हृदयाकार अर्चिन चिरडले जातात. मच्छीमाराला त्यांचा उपयोग नसतो, म्हणून तुकडे परत समुद्रात फेकले जातात आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही. उथळ पट्ट्याची माहिती वाढवायची असेल, तर बंदरावर उतरणाऱ्या या टाकाऊ मालातले तुकडे, त्यांची खोली आणि सोबतचा गाळ जपून ठेवणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. खंडान्त उतारासाठी मात्र गाळाचा ठोकळा न मोडता वर आणणारे पेटी-नमुनक लागते.