काउंटर मोजके, दावेदार अनेक

प्रोग्रॅमच्या किती सूचना पार पडल्या, हवा तो डेटा जवळच्या कॅश मेमरीत किती वेळा सापडला नाही, ब्रँचचा (पुढे कोणत्या वाटेने जायचं याचा) अंदाज कितीदा फसला, हे मोजणारी रजिस्टरं प्रोसेसरमध्येच असतात. त्यांना परफॉर्मन्स काउंटर म्हणतात. इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरवर हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन थ्रेड) चालू असेल तर प्रत्येक थ्रेडच्या वाट्याला असे ४ काउंटर येतात, शिवाय सूचना आणि सायकलींसाठी राखीव ३. नंतरच्या आइस लेक प्रोसेसरमध्ये ४ चे ८ झाले, तरी चणचण आहेच.

लिनक्सच्या ‘पर्फ’ या मोजणीच्या साधनाला ४ काउंटरांवर ८ घटना (कॅश चुकणं वगैरे) मोजायला सांगितल्या, की तो पाळ्या लावतो. प्रत्येक घटना साधारण निम्मा वेळ मोजली जाते, बाकीचा हिशेब गुणाकाराने. ओळीच्या शेवटी कंसात ५० टक्के दिसले तर तो आकडा अंदाजाचा समजावा. झटक्यात संपणाऱ्या प्रोग्रॅमला तो हमखास दगा देतो. त्यात कर्नलचा एनएमआय वॉचडॉग (सीपीयू अडकला का ते पाहणारा पहारेकरी) एक काउंटर अडवून बसतो. मोजणीपुरता तो बंद ठेवावा.

व्हर्च्युअल मशीनमध्ये गोम वेगळीच आहे. गेस्टने (व्हर्च्युअल मशीनने) काउंटरच्या रजिस्टरमध्ये लिहिलं, की केव्हीएम हा लिनक्सचा हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) ते मध्येच पकडतो आणि होस्टच्या (खऱ्या मशीनच्या) पर्फकडे त्याच्या वतीने मागणी नोंदवतो. ही मागणी ‘पिन्ड’ असते: काउंटर मिळाला तर सलग, नाहीतर मुळीच नाही. होस्टवरच्या साध्या मोजणीला ती मागे सारते. पण होस्टने अख्ख्या सीपीयूवर पिन केलेली मोजणी तिच्याही वरची. काउंटर पुरले नाहीत तर गेस्टचा आकडा जागीच थांबतो, आणि गेस्टमधला पर्फ मात्र पूर्ण वेळ मोजल्याच्या थाटात तो छापतो! आकडा संशयास्पद कमी वाटला तर आधी होस्टवर कोण मोजतंय ते पाहावं.

गेस्टच्या या मागणीत होस्टचा वेळ वगळलेला असतो, त्यामुळे घड्याळाचे सेकंद आणि मोजलेल्या सायकली जुळत नाहीत. ती चूक नव्हे. सॅम्पलिंगमध्ये (ठरावीक मोजणीनंतर प्रोग्रॅम कुठे आहे ते टिपताना) काउंटर भरल्याचा इंटरप्ट हायपरवायझरमार्फत उशिरा पोहोचतो आणि ठपका भलत्याच सूचनेवर येतो. गेस्टमध्ये फंक्शनच्या पातळीवर विश्वास ठेवावा, ओळीच्या नाही.

‘नॉट सपोर्टेड’ दिसलं तर बहुधा काउंटर गेस्टपर्यंत पोहोचलेलेच नाहीत. केव्हीएमसोबत वापरल्या जाणाऱ्या क्यूएमूमध्ये सीपीयू मॉडेल ‘होस्ट’ ठेवावं किंवा ‘पीएमयू’ (काउंटरांचा विभाग) ऑन करावा. व्हीएमवेअरमध्ये सीपीयूच्या सेटिंगमध्ये त्याचा चौकोन आहे, मशीन बंद करूनच त्यावर टिक करावी. मग ते मशीन चालू असताना वेगळे काउंटर असलेल्या होस्टवर हलवता येत नाही. ‘नॉट काउंटेड’ म्हणजे काउंटर आहेत, पण त्या घटनेची पाळीच आली नाही. घटना कमी करून पुन्हा मोजावं.